पैसा फंडापासून प्रायव्हेट इक्विटीपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसले, की कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी स्टेशने एकामागून एक येतात आणि देहूरोड ओलांडून गाडी तळेगावला पोचते. या तळेगाव दाभाड्यात १९०८ साली काचेचा एक कारखाना सुरू झाला. त्याचे भांडवल कुणा शेठजीचे नव्हते आणि सरकारचे तर नव्हतेच. अंताजी दामोदर काळे नावाच्या ध्येयवेड्या गृहस्थांनी कल्पना काढली होती, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभे करावेत. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. पैसा पैसा गोळा झाला आणि ‘पैसा फंडा’चा काच कारखाना उभा राहिला. इथे हात तयार झालेली माणसे पुढे काचधंद्यात ठिकठिकाणी गेली.

आज त्याच पट्ट्यात, भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे इथल्या कारखानदारांच्या बोलण्यात ‘फंड’ हा शब्द पुन्हा ऐकू येतो. ‘अमक्याच्या कंपनीत फंड आला’, ‘तमक्याचा फंड बाहेर पडला’. हा फंड म्हणजे प्रायव्हेट इक्विटी. पैसा फंडाला पैसा देणारा तो परत मागत नसे. या नव्या फंडात पैसे घालणाऱ्याला ते परत हवे असतात, काही पटींनी हवे असतात आणि ठरलेल्या मुदतीत हवे असतात. या दोन फंडांच्या मधल्या शंभर वर्षांत आपल्याकडच्या कारखानदाराने भांडवल आणले तरी कुठून? आणि हा नवा पैसा दारात आला, की त्याच्या धंद्याचे, घराचे आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांचे काय होते? आज त्याविषयी बोलू.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा त्यांच्या पाठीशी औंध संस्थानचे अधिपती उभे राहिले. म्हणजे भांडवल कधी लोकवर्गणीचे, कधी राजाश्रयाचे. स्वातंत्र्यानंतर ती जागा सरकारने घेतली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्याला होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपले एमआयडीसी, अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर प्लॉट पडले, रस्ते झाले, पाणी आले. आकुर्डीला बजाज आली, बजाज टेम्पो आली, पिंपरी-चिंचवडला टेल्को आली. टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात सुमंत मूळगावकरांनी गाड्या बाहेर पडण्याच्या आधी टूलरूम आणि प्रशिक्षण विभाग उभे करण्याचा आग्रह धरला. त्याचे फळ टेल्कोपुरते राहिले नाही.

कारण या मोठ्या कारखान्यांतून तयार झालेले फिटर, टर्नर, टूलमेकर, डिप्लोमा झालेले सुपरवायझर काही वर्षांनी नोकरी सोडत आणि भोसरीत एखादा गाळा भाड्याने घेत. एक जुना लेथ, एक ड्रिलिंग मशीन, दोन मुले हाताखाली. त्यांचे भांडवल कोणते होते? प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे, बायकोचे दागिने, गावाकडच्या जमिनीचा तुकडा आणि मेहुण्याने दिलेली उसनवारी. कच्चा माल आणि डाय पुष्कळदा मोठी कंपनीच देई, हा फक्त काम करून द्यायचा. जॉबवर्क म्हणतात ते हेच. पुढे १९६२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य वित्तीय महामंडळ मशीनसाठी कर्ज देऊ लागले, १९६६ मध्ये सिकॉम आली, राष्ट्रीयीकृत बँका आल्या, १९९० मध्ये सिडबी आली. पण रोजच्या धबडग्यात, पगाराच्या आदल्या दिवशी, उपयोगी पडे ती सहकारी बँक. तिथला मॅनेजर ओळखीचा, संचालक ओळखीचे, हमीदार तर शेजारच्याच गाळ्यातला.

या भांडवलाचा एक गुण होता. ते धीराचे होते. मालक म्हणून कुणी मांडीला मांडी लावून बसत नसे. हप्ता भरा, व्याज भरा, कारखाना तुमचा. पण दोषही तितकेच मोठे होते. बँक तारण मागे. राहते घर गहाण, शेड गहाण, बायकोची सही हमीदार म्हणून. मंदी आली तरी हप्ता थांबत नसे. जितके तारण तितकेच कर्ज, म्हणून जितके घर तितकाच कारखाना. आणि ओळखीच्या बँकेचा भरवसा तरी कायमचा कुठे होता? १९१२ साली सुरू झालेल्या पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. त्याच वर्षी पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचाही परवाना रद्द झाला. या पट्ट्यातल्या ठेवीदारांना आणि छोट्या धंदेवाल्यांना या दोन घटनांनी किती चटके दिले, ते त्यांनाच ठाऊक.

दरम्यान बाहेरचे जग बदलले होते. १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या, असे राखीव कुरण सरकारने ठेवले होते. ते हळूहळू उठत गेले आणि २०१५ मध्ये पूर्ण उठले. १९९९ साली बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला. आकुर्डीतले बजाजचे वाहन उत्पादन २००७ मध्ये थांबले. २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि महिंद्र यांचे कारखाने चाकण परिसरात उभे राहिले. कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव झाले.

या नव्या कारखान्यांची खरेदीची पद्धत वेगळी होती. पूर्वी एक कंपनी शेकडो लहान पुरवठादारांकडून सुटे भाग घेई. आता तिला थोडे आणि मोठे पुरवठादार हवे होते. एक नट नको, जोडलेला पूर्ण भाग हवा. माल तासाच्या हिशेबाने लाइनवर हवा, दर्जाची प्रमाणपत्रे हवीत आणि दरवर्षी किंमत थोडी कमीही हवी. त्यामुळे उतरंड तयार झाली. वरच्या थराला थेट कंपनीला माल देणारे, त्यांच्या खाली त्यांना माल देणारे, आणि सर्वांत खाली गाळ्यातले जॉबवर्कवाले. वरच्या थरात राहायचे तर रोबो हवेत, डायकास्टिंगची मोठी यंत्रे हवीत, डिझाइनची माणसे हवीत, चेन्नई आणि उत्तराखंडात दुसरा कारखाना हवा. एवढे पैसे प्रॉव्हिडंट फंडातून येत नाहीत आणि घर गहाण टाकूनही येत नाहीत. याच वळणावर प्रायव्हेट इक्विटीने दार वाजवले.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, जॉर्जेस डोरिओ या प्राध्यापकाच्या पुढाकाराने बोस्टनकडे एक गुंतवणूक कंपनी स्थापन झाली. तिने १९५७ मध्ये एका जुन्या लोकरीच्या गिरणीत सुरू होणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले. दहा-अकरा वर्षांत त्या हिश्शाची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. कर्ज देण्याऐवजी हिस्सा घ्यावा आणि धंदा वाढला की हिस्सा विकावा, ही रीत तिथून रुजली. पुढे तिला एक वेगळी, आक्रमक शाखा फुटली. प्रचंड कर्ज काढून अख्खी कंपनी विकत घ्यायची, ते कर्ज त्याच कंपनीच्या डोक्यावर ठेवायचे, खर्च कापायचे आणि विकून मोकळे व्हायचे. १९८९ मध्ये पूर्ण झालेला आरजेआर नाबिस्कोचा सुमारे २५ अब्ज डॉलरचा व्यवहार याचे गाजलेले उदाहरण. जर्मनीत २००५ साली फ्रान्झ म्युंटेफेरिंग या नेत्याने अशा फंडांची तुलना टोळधाडीशी केली. शेतात उतरायचे, पीक खायचे आणि पुढच्या शेताकडे उडायचे. तिथल्या मध्यम आकाराच्या घरंदाज कारखान्यांवर एकामागून एक फंड येत होते, म्हणून तो शब्द तिकडे जिव्हारी लागला.

आपल्याकडे चित्र जरा निराळे राहिले. शेअर विकत घेण्यासाठी बँकांनी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेची बंधने वर्षानुवर्षे होती. त्यामुळे कर्ज काढून अख्खी कंपनी गिळण्याचे प्रकार कमी झाले. फंड येई तो बहुधा दहा, पंधरा, पंचवीस टक्के हिस्सा घेऊन, आणि मालक जागेवर राही. १९८८ मध्ये केंद्र सरकारने साहस भांडवलाची पहिली मार्गदर्शक तत्त्वे आणली, १९९६ मध्ये सेबीचे नियम आले. वॉरबर्ग पिंकसने भारती टेलिकॉममध्ये घातलेले सुमारे ३० कोटी डॉलर २००५ पर्यंत अनेक पटींनी वसूल झाले, तेव्हा साऱ्या जगाचे फंड भारताकडे वळले. २००५ ते २००८ या काळात ते पुणे-औरंगाबाद भागातल्या सुट्या भागांच्या आणि औषधांच्या कंपन्यांपर्यंत पोचले.

दोन उदाहरणे पाहू. पहिले एन्ड्युरन्सचे. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्याच सुमारास औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अनुरंग जैन यांनी ॲल्युमिनिअम डायकास्टिंगचा कारखाना काढला. ते राहुल बजाज यांचे भाचे. म्हणजे ग्राहक घरचा होता, पण पुढची वाढ नुसत्या नात्यावर झालेली नाही. चाकणला त्यांचे कारखाने उभे राहिले, इटली आणि जर्मनीत कंपन्या घेतल्या. या वाटचालीत आधी स्टँडर्ड चार्टर्डची गुंतवणूक शाखा भागीदार होती. २०११ च्या अखेरीस तिचा हिस्सा ॲक्टिस या फंडाने घेतला. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीचे समभाग ४७२ रुपयांना लोकांना विकले गेले आणि ॲक्टिस बाहेर पडले. यातली एक बाब सर्वसामान्य गुंतवणूकदाराच्या लक्षात येत नाही. ही सुमारे १,१६० कोटींची विक्री पूर्णपणे जुन्या भागधारकांच्या समभागांची होती. कंपनीच्या तिजोरीत त्यातला नवा रुपया आला नाही. पैसे गेले ते फंडाला आणि प्रवर्तकाला. यात गैर काही नाही. पण वर्तमानपत्रात ‘कंपनीने इतके कोटी उभारले’ असे वाचताना, कुणी आणि कुणासाठी, हे विचारावे.

दुसरे उदाहरण एम्क्युअरचे. भोसरीच्या एमआयडीसीत ठाण असलेली ही औषध कंपनी सतीश मेहता यांनी १९८१ साली स्थापन केली. दूरचित्रवाणीवरच्या ‘शार्क टँक इंडिया’त ‘इतक्या टक्क्यांना इतके लाख’ अशी बोली लावणाऱ्या नमिता थापर याच घरातल्या. म्हणजे ज्यांच्या कंपनीने एके काळी बाहेरचा भागीदार घेतला, त्याच पुढे इतरांच्या भागीदार झाल्या. २००६ मध्ये एम्क्युअरमध्ये ब्लॅकस्टोनने सुमारे ५ कोटी डॉलर घातले. सात-आठ वर्षांनी तो हिस्सा बेन कॅपिटलने घेतला. म्हणजे एका फंडाकडून दुसऱ्या फंडाकडे. २०२१ मध्ये समभाग विक्रीचा अर्ज झाला, पण विक्री झाली नाही. ती झाली जुलै २०२४ मध्ये, १,००८ रुपयांना. सुमारे १,९५० कोटींपैकी ८०० कोटी कंपनीत आले, तेही मुख्यतः कर्ज फेडण्यासाठी. बाकीचे विकणाऱ्या भागधारकांना गेले. पाच-सात वर्षांत बाहेर पडू म्हणणाऱ्या फंडाला इथे दहा वर्षे थांबावे लागले. घाई फंडालाच असते असे नाही, बाजाराचा मुहूर्त त्याच्याही हातात नसतो.

याच परिसरातल्या पेनिसिलीनच्या सरकारी कारखान्याची गोष्ट मात्र वेगळी झाली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या डिसेंबरात घेतला. सरकारी भांडवलाला मुदत नव्हती, पण हिशेब विचारणाराही कुणी नव्हता. फंड हिशेब विचारतो. दर महिन्याला विचारतो.

आता हा हिशेब नेमका कसा असतो, ते एका कल्पित कारखान्यावरून पाहू. समजा, चाकणला एका कुटुंबाचा कारखाना आहे. वर्षाची उलाढाल ६० कोटी. व्याज, घसारा आणि कर जाण्याआधीचा नफा ८ कोटी. समजा, फंड म्हणतो, सहा पटींनी धरू. म्हणजे कारखान्याची किंमत ४८ कोटी. फंड १६ कोटी नवे आणतो. झाले ६४ कोटी, आणि फंडाचा हिस्सा पंचवीस टक्के. कुटुंबाला वाटते, व्याज नाही, हप्ता नाही, तारण नाही, देवच पावला! पण फंडाने हे पैसे स्वतःच्या खिशातून आणलेले नसतात. ते विमा कंपन्यांचे, पेन्शन फंडांचे, श्रीमंत कुटुंबांचे असतात आणि फंडाचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे असते. त्याला वर्षाला पंचवीस टक्के वाढ अपेक्षित असेल, तर पाच वर्षांत १६ कोटींचे ४८ कोटींच्या वर व्हायला हवेत. याचा अर्थ, तीस वर्षांत जेवढा कारखाना उभा राहिला त्याची किंमत पाच वर्षांत तिप्पट व्हायला हवी. आणि समोरची मोटार कंपनी तर दरवर्षी भाव कमी करून मागते.

ही तिप्पट कशी होते? चांगल्या मार्गाने होते तेव्हा फंड खरोखर उपयोगी पडतो. घरच्या गाडीचे पेट्रोल आणि भाच्याचा पगार कारखान्याच्या खात्यात टाकणे बंद होते. ताळेबंद वेळेवर होतो. हिशेबाला जाणता माणूस येतो. एकाच ग्राहकावर भिस्त ठेवू नका, असे कुणीतरी टेबलावर हात आपटून सांगते. तळेगावला २००८ मध्ये आलेल्या जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबवले, तेव्हा या सल्ल्याची किंमत अनेकांना कळली. मंदीतही हिस्सेदाराला हप्ता द्यावा लागत नाही. २००८-०९ आणि २०१९ मध्ये या पट्ट्यात लाइन बंद ठेवण्याचे दिवस आले, तेव्हा कर्जाचे ओझे असलेला कारखाना आणि भागीदाराचे भांडवल असलेला कारखाना यांच्या जिवाला सारखाच घोर नव्हता. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेले, की मंचर लागते. तिथली पराग मिल्क फूड्स १९९२ साली सुरू झालेली. तिनेही अशा फंडांचे भांडवल घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. शेतकऱ्याच्या दुधाचे चीज करून देशभर विकायचे, तर साठवणुकीला आणि यंत्रांना मोठा पैसा लागतोच.

कामगारांचे काय? अमेरिकेतल्या अभ्यासकांच्या एका गटाने २०१९ मध्ये हजारो व्यवहार तपासून काढलेला निष्कर्ष सांगण्यासारखा आहे. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्या फंडांनी विकत घेतल्या, तेव्हा दोन वर्षांत तिथला रोजगार तुलनेने सुमारे १३ टक्के घटला. खासगी, बाजारात नसलेल्या कंपन्या घेतल्या तेव्हा तो तितकाच वाढला. म्हणजे फंड रोजगार खातो, हेही सरसकट खरे नाही आणि फंड रोजगार देतो, हेही नाही. कोणत्या धंद्यात, कशासाठी पैसा आला, यावर ते ठरते. अर्थात अमेरिकेचे आकडे चाकणला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्याकडे कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यातली दरी इतकी मोठी आहे, की एकूण हजेरीपट वाढला तरी त्यात पक्की नोकरी किती, हे वेगळे मोजावे लागते.

आता वाईट मार्ग. फंडाशी करार होतो तो शे-दीडशे पानांचा आणि इंग्रजीत. त्यात काही कलमे अशी असतात, की त्यांचा अर्थ सही करताना कळत नाही, पाच वर्षांनी कळतो. ठरावीक रकमेवरचा खर्च, नवे कर्ज, नव्या माणसाची मोठ्या पदावर नेमणूक यांना फंडाची संमती लागते. हिस्सा पंचवीस टक्के, पण नकाराचा अधिकार पुरा. दुसरे कलम असते, की मुदतीत बाजारात जाता आले नाही, तर प्रवर्तकाने फंडाचा हिस्सा ठरलेल्या परताव्याने विकत घ्यावा. म्हणजे भांडवल म्हणून आलेला पैसा त्या दिवशी कर्ज होतो. तिसरे कलम असे, की फंडाला गिऱ्हाईक मिळाले आणि त्या गिऱ्हाइकाला सगळा कारखाना हवा असेल, तर कुटुंबानेही आपला हिस्सा विकायचा. ज्याने गाळ्यापासून सुरुवात केली, त्याला एक दिवस फाटकावर आपले नाव बदललेले दिसते. त्याच्या खात्यात पैसे भरपूर येतात, हे कबूल. पण ‘कारखाना विकला’ हे वाक्य त्याने ठरवून उच्चारलेले असावे, त्याच्याकडून वदवून घेतलेले नसावे.

आणि ज्यांच्याकडे फंड कधीच येत नाही, त्यांचे काय? भोसरीतल्या बहुसंख्य गाळ्यांची उलाढाल काही लाखांत किंवा दोन-चार कोटींत असते. एवढ्या छोट्या व्यवहारात वकील-लेखापालांचा खर्चही फंडाला परवडत नाही. पण परिणाम त्यांच्यापर्यंत पोचतोच, वरच्या थरातल्या कंपनीमार्फत. वरची कंपनी खेळते भांडवल कमी करून दाखवते. आकडा सुधारतो, फंड खूष होतो. कधी कधी तो आकडा खालच्या माणसाच्या थकलेल्या बिलातून सुधारलेला असतो. तीस दिवसांचे साठ होतात, साठांचे नव्वद. त्या नव्वद दिवसांत हा माणूस पगार देतो, वीजबिल भरतो, जीएसटी भरतो. म्हणजे मोठ्या कंपनीला बिनव्याजी भांडवल कोण पुरवतो? तर गाळ्यातला लेथवाला. पैसा फंडाचा हा उलटा प्रकार झाला. पैसा पैसा खालून वर जातो, फक्त देणाऱ्याला कुणी विचारलेले नसते.

कायदा नाही असे नाही. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण ज्याच्याकडून उद्या ऑर्डर हवी, त्याच्याकडे व्याज मागणार कोण? म्हणून पुढे प्राप्तिकर कायद्यात बदल झाला. एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या तरतुदीने, मुदतीत बिल दिले नाही तर तो खर्च ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत करासाठी वजा मिळत नाही. बिले ऑनलाइन लिलावात वटवून पैसे मिळवण्याची सोयही २०१७ पासून सुरू झाली. केंद्र सरकारने २०२० मध्ये लघु-मध्यम उद्योगांच्या हिस्सा भांडवलासाठी आत्मनिर्भर भारत निधी जाहीर केला. छोट्या कंपन्यांसाठी शेअर बाजाराचे वेगळे दालन २०१२ पासून आहेच. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरसारखी सामाईक सोय, जिथे महागडी चाचणी यंत्रे एकेकट्याने न घेता सर्वांना वापरता येतात, हाही भांडवलाचाच एक मार्ग आहे, आणि त्याला हिस्सा विकावा लागत नाही.

हा विषय आजच का काढला, असे कुणी विचारील. कारण आता दुहेरी पेच आला आहे. विजेवरच्या गाड्या येत आहेत. पिस्टन, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर, गिअर यांच्यावर ज्यांची दोन पिढ्यांची रोजीरोटी चालली, त्यांना नवी यंत्रे आणि नवे काम शोधायचे आहे. आणि नेमक्या याच वेळी भोसरीचा संस्थापक सत्तरीला आला आहे. मुलगा हिंजवडीत किंवा अमेरिकेत संगणकावर काम करतो. मुलगी हुशार आहे, पण तिला कारखान्यात कधी कुणी बोलावलेच नाही. अशा घरात फंडाचा माणूस येतो तेव्हा तो नुसते भांडवल आणत नाही, वारसाच्या प्रश्नाचे उत्तरही आणतो. म्हणून त्याचा मोह मोठा असतो.

तो मोह वाईटच असे मी म्हणणार नाही. सही करण्याआधी मात्र तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, या फंडाचे स्वतःचे आयुष्य किती उरले आहे? दहा वर्षांच्या फंडाचे सातवे वर्ष चालू असेल, तर त्याचा धीर तीनच वर्षांचा. दुसरी, येणारे पैसे कारखान्यात येणार आहेत, की जुन्या भागीदाराच्या खिशात जाणार आहेत? तिसरी, ठरल्याप्रमाणे नाही झाले, तर कुणी काय गमवायचे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर साध्या मराठीत, एका कागदावर लिहून मागावे आणि ते घरी मोठ्याने वाचावे. ज्या बाईचे दागिने पहिल्या लेथसाठी गहाण पडले होते आणि जिची सही बँकेच्या कागदावर अजून हमीदार म्हणून आहे, तिच्यासमोर वाचावे. कारखान्याची पहिली भागधारक तीच आहे. तिला त्यातले जे कळणार नाही, ते बहुधा आपल्यालाही कळलेले नसते. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. या कामाला तो एक दिवस पुरेल.